म्युझिक पण करायचंय, गेम पण खेळायचाय, मग साउंड कार्ड कुठलं घ्यायचं?

आधी उत्तर सांगून टाकतो, कारण घाईतल्या माणसाला तेवढंच हवं असतं. म्युझिक आणि गेमिंग दोन्ही एकाच पीसीवर करायचं असेल तर मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं गेमिंग साउंड कार्ड घेऊ नका, यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लावायची टेबलावरची डबी, घ्या आणि त्याला साधे, वायरवाले, स्टिरिओ हेडफोन लावा. बस. गेमसाठी वेगळं काही लागत नाही. हेच मी माझ्या मावसभावाला सांगितलं, तो नाशिकच्या सिडकोत राहतो, नुकताच इंजिनिअरिंगला लागलाय, दिवसा हार्मोनियम आणि रात्री मित्रांसोबत काउंटर-स्ट्राइक, घरच्यांनी नवीन पीसी असेंबल करून द्यायचं कबूल केलंय. पण त्याला पटेना. "दादा, इंटरफेस तर गाणंबजावणं करणाऱ्यांसाठी असतो, गेममध्ये पावलं कुठून आली ते त्याच्यावर कसं कळणार?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि याचं उत्तर नीट माहीत नसल्यामुळेच लोकांचे पैसे भलतीकडे जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक काळ होता जेव्हा गेमसाठी वेगळं साउंड कार्ड लागायचंच. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये पहिलं साउंड ब्लास्टर काढलं, तोपर्यंत बहुतेक पीसींचा आवाज म्हणजे कॅबिनेटच्या आतला तो टीं-टीं करणारा छोटा स्पीकर. मग १९९८ ला साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं आणि त्याच्यासोबत ईएएक्स आलं, म्हणजे गेममध्ये तुम्ही बोगद्यात शिरलात की आवाज घुमणार, बाहेर आलात की मोकळा होणार, आणि हे सगळं गणित कार्डावरची चिप करणार, सीपीयूवर लोड नाही. त्या वेळच्या सीपीयूंच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती, ज्यांनी तेव्हा ते ऐकलंय ते अजून त्याबद्दल बोलतात आणि उगाच बोलत नाहीत. पण २००७ ला विंडोज व्हिस्टा आलं आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली ऑडिओची आतली मांडणीच बदलली. डायरेक्टसाउंड, म्हणजे विंडोजची आवाजाची जुनी सोय, वापरणाऱ्या गेमला कार्डाच्या चिपकडून थेट थ्रीडी काम करून घ्यायचा जो रस्ता होता तो बंद. क्रिएटिव्हने अल्केमी नावाचं सॉफ्टवेअर काढून जुने गेम ओपनएएल नावाच्या दुसऱ्या रस्त्याने वळवून घेतले, पण पुढे गेम बनवणाऱ्यांनी आवाजाचं गणित आपल्याच इंजिनमध्ये, सीपीयूवर करायला घेतलं आणि सीपीयू पण तोवर तगडे झाले होते. आज शत्रू डावीकडून येतोय का मागून, मध्ये भिंत आहे का नाही, हे सगळं गेम स्वतः ठरवतो आणि तयार झालेला आवाज बाहेर ढकलतो. तुमच्या हेडफोनला जे कार्ड लागलंय त्याने फक्त तो आवाज जसाच्या तसा कानापर्यंत पोचवायचा असतो.

आता दोनच कानांना पुढचं-मागचं कसं कळतं? आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला जास्तीत जास्त साधारण ०.७ मिलिसेकंद उशिरा, शिवाय मधे डोकं असल्याने थोडा दबून. आणि कानाच्या पाळीचा जो आकार आहे ना, त्यामुळे समोरून आलेला आणि मागून आलेला आवाज किंचित वेगळा होऊन आत जातो, मेंदू लहानपणापासून हे शिकलेला असतो. हाच हिशोब गेममध्ये घालतात, त्याला एचआरटीएफ म्हणतात, काउंटर-स्ट्राइकमध्ये आहे, व्हॅलोरंटमध्ये सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येतो. हा हिशोब फक्त स्टिरिओ हेडफोनसाठीच केलेला असतो, त्याला ७.१, म्हणजे आठ चॅनलचा सराउंड, लागत नाही, उलट ७.१ ने बिघडतो. गेमने एकदा एचआरटीएफ लावला, त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरने "व्हर्च्युअल सराउंड" लावला, त्यावर विंडोजमधलंच सराउंड, विंडोज सोनिक, चालू राहिलं, म्हणजे फोडणी दिलेल्या वरणाला परत परत फोडणी. पावलं ऐकू येतात पण दिशा पार पुसट होते. भावाच्या मित्राकडे आम्ही हे शेजारी शेजारी करून पाहिलं, सराउंडचं बटण बंद केल्याबरोबर तो स्वतःच म्हणाला अरे आता कळतंय की जिना कुठे आहे ते. त्यामुळे एकच ठेवायचं. गेममध्ये सोय असेल तर गेममधलं, नसेल तर विंडोज सोनिक, ते फुकट आहे.

आणि अजून एक, यूएसबी हेडसेट किंवा वायरलेस डोंगलवाला हेडसेट घेतला तर त्याच्या आतच त्याचं स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं. म्हणजे तुम्ही महागाचं कार्ड घ्या, पीसीत बसवा आणि मग यूएसबी हेडसेट लावा, तर ते कार्ड नुसतं बसून राहतं, आवाज त्याच्यातून जातच नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

मग मदरबोर्डचा आवाज काय वाईट असतो का? नाही. आजकालच्या बोर्डांवरच्या रियलटेकच्या चिप, एएलसी ८९७ वगैरे साध्या आणि एएलसी १२२० वरच्या रेंजमधली, यांचा बाहेर जाणारा आवाज गेम आणि गाणी ऐकायला व्यवस्थित आहे, नुसतं ऐकायचंच असेल तर काहीही घेऊ नका असं मी सरळ सांगेन. घोळ होतो तो दोन-तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये येणारी खरखर. घरी करून बघा, चांगले हेडफोन पुढच्या जॅकला लावायचे, काहीच वाजवायचं नाही, व्हॉल्यूम फुल आणि मग माऊस हळूहळू गोल फिरवायचा. बऱ्याच पीसीत माऊसच्या चालीबरोबर बारीक किर्र-किर्र येते, वेबपेज स्क्रोल केलं की तिचा सूर बदलतो, गेम चालू केला की ग्राफिक कार्डाची वेगळी चीं सुरू होते. पुढच्या पॅनलची ती बारीक वायर पूर्ण कॅबिनेटमधून, सगळ्या करंटच्या शेजारून येते, ती हे सगळं उचलते. मागच्या हिरव्या जॅकला लावलं की बऱ्याचदा निम्म्याहून जास्त कमी होतं. ज्यांना फक्त गेम खेळायचाय त्यांनी आधी हा फुकटचा उपाय करावा. स्लॉटमधलं कार्डसुद्धा त्याच कॅबिनेटच्या आत, ग्राफिक कार्डाच्या शेजारीच बसतं, हे पण लक्षात घ्या, चांगल्या कार्डांवर पत्र्याचं कव्हर असतं ते त्यासाठीच. इंटरफेस बाहेर टेबलावर असतो, हा त्याचा मोठाच फायदा.

दुसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, उशीर. लेटन्सी. मी तबला वाजवतो म्हणून यावर जास्त बोलणार, माफ करा.

लेहरा, म्हणजे साथीला फिरत राहणारी धून, कानात वाजतोय, त्याच्यावर मी वाजवतोय, माझा आवाज माइकमधून पीसीत जाऊन परत माझ्याच कानात येतोय. हा जाऊन-येऊन लागणारा वेळ. विंडोजच्या नेहमीच्या रस्त्याने आवाज नेला तर तो वेळ सहज तीसेक मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त होतो. आता हिशोब करा, द्रुत तीनताल, मिनिटाला २४० मात्रा, म्हणजे एक मात्रा २५० मिलिसेकंद. एका मात्रेत तिरकिट घेतलं तर ति, र, कि, ट, प्रत्येक अक्षराला जेमतेम ६२ मिलिसेकंद. त्यात तुमचाच आवाज ३० मिलिसेकंद उशिरा कानात आला की अर्ध्या अक्षराने तुम्ही स्वतःशीच भांडताय. हात आपोआप रेंगाळतो, लय पडते, आणि माणसाला वाटतं आपलाच रियाज कमी पडतोय. नवशिक्या मुलांचं यात फार नुकसान होतं हो, म्हणून मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, घरच्या रेकॉर्डिंगमध्ये लय हलत असेल तर हाताला दोष द्यायच्या आधी लेटन्सी तपासा.

यासाठीच एएसआयओ नावाचा ड्रायव्हर असतो, स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ ला आणला, तो विंडोजचा मधला सगळा फाफटपसारा टाळून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी जोडतो. त्यात बफर नावाची सेटिंग असते, म्हणजे आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) जमले की पुढे पाठवायचे ते; आणि सेकंदाला असे किती नमुने घेतले तो सॅम्पल रेट. ४८ हजारच्या सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.७. हे एका बाजूचं झालं, येताना-जाताना दोन्ही आणि वर चिपचा थोडा वेळ धरला की १२८ ला दहाच्या आत-बाहेर येतं. दहा म्हणजे किती? हवेत आवाज एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला तीन मिलिसेकंद. दहा मिलिसेकंद म्हणजे साथीदार तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसलाय असं समजा, मैफलीत स्टेजवर एवढं अंतर असतंच, त्यावर वाजवता येतं. शिवाय बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबलं की तुमचा माइक पीसीत जायच्या आधीच हेडफोनमध्ये ऐकू येतो, उशीरच नाही. गेमिंगच्या स्लॉट कार्डांत काहींना एएसआयओ असतं पण माइकचं नीट प्रीअँप म्हणजे माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग, स्टुडिओ माइकचं मोठं एक्सएलआर सॉकेट, काही माइकना वायरमधूनच लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, हे नसतं. ते बनवलंच त्यासाठी नाहीये.

मॉडेलचं म्हणाल तर तबल्याला दोन माइक लागतात, एक दायाँला एक डग्ग्याला, एकाच माइकमध्ये दोन्ही घेतले की डग्ग्याची घीस दायाँच्या चाटेखाली दबते. म्हणून एक माइक-इनपुटचे स्वस्त मॉडेल माझ्या कामाचे नाहीत. शिवाय भाऊ हार्मोनियम आणि गळा दोन्ही करतो, त्यालाही दोन लागणारच. फोकसराइटचं स्कार्लेट सोलो छान आहे पण त्यात माइकचं इनपुट एकच, त्याच स्कार्लेटच्या २आय२ ला दोन. बेहरिंगरचं यूएमसी २०२ एचडी खिशाला सगळ्यात बरं, दोन माइक, स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर. त्याच कंपनीचं यूएमसी २२ दिसायला तसंच आणि अजून स्वस्त, पण विंडोजवर त्याला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही, एएसआयओफोरऑल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ते विंडोजच्याच ड्रायव्हरवर बसतं, एएसआयओ चालू असताना गेमचा किंवा यूट्यूबचा आवाज जाणं वगैरे प्रकार होतात, म्हणून दोन्ही कामं करणाऱ्याने थोडे जास्त टाकून २०२ घ्यावा. मोटूचं एम२ या सगळ्यात मला स्वतःला जास्त आवडतं, समोर छोटी स्क्रीन आहे, लेव्हल दिसते, लूपबॅक आहे म्हणजे गेमचा आवाज आणि माइक एकत्र करून स्ट्रीम करता येतं, पण किंमत पण तशी. माझं मत, पहिल्यांदा घेताय तर यूएमसी २०२ किंवा २आय२, आणि वाचलेले पैसे माइक आणि हेडफोनमध्ये टाका, कानाला फरक तिथेच जाणवतो.

२४ बिट १९२ किलोहर्ट्झ असं खोक्यावर मोठ्याने लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यासाठी सॅम्पल रेट त्याच्या दुपटीहून थोडा जास्त असला की झालं, सीडीचं ४४.१ त्याला पुरतं. २४ बिट मात्र रेकॉर्डिंगला खरंच कामाचं आहे, कारण त्यात आवाज जरा कमी लेव्हलला घेतला तरी नंतर वाढवताना खरखर येत नाही. आपल्याकडे गणपतीत ढोल रेकॉर्ड करायचा प्रयत्न केलेल्यांना हे लगेच कळेल, नाशिक ढोलाचा पहिलाच ठोका मीटर लाल करतो आणि एकदा क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला, आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, खाली, सगळ्यात जोराचा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि मग निवांत वाजवा. तबल्यालाही हेच.

माइक घेताना आपली घरं बघून घ्या. कंडेन्सर माइक नाजूक आवाज मस्त पकडतो, पण खोलीतला पंखा, शेजारचा कुकर, गंगापूर रोडवरचा हॉर्न पण तितक्याच प्रेमाने पकडतो. एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करून वाजवणं होत नाही. रात्री गेममध्ये बोलताना तर मित्रांना कीबोर्डची खडखड पण जाते. डायनॅमिक माइक, शुअर एसएम५८ सारखा, तोंडाजवळ ठेवावा लागतो पण लांबचं कमी घेतो, त्याला फँटम पण लागत नाही. गळा आणि गेम एवढंच असेल तर डायनॅमिकच घ्या. तबल्याला मला कंडेन्सर लागतो, मी पहाटे रेकॉर्ड करतो.

हेडफोनचे ओहम बघा, जास्त ओहम म्हणजे वाजवायला जास्त जोर लागतो. ३२ ते ८० पर्यंतचे कुठल्याही इंटरफेसवर नीट वाजतात, ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम५०एक्स ३८ ओहम आहेत. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोमध्ये ३२, ८० आणि २५० असे वेगवेगळे प्रकार येतात, ऑनलाइन घेताना नीट वाचून घ्या, २५० वाला साध्या मदरबोर्डला लावला की आवाज अगदी मवाळ येतो आणि लोकांना वाटतं हेडफोनच खराब. ब्लूटूथ दोन्ही कामांना नको, उशीर तर आहेच, वर माइक चालू केला की आवाज फोनकॉलसारखा होतो.

इंटरफेसचे गेमिंगमधले त्रास पण सांगतो, नाहीतर नंतर मला बोल लावाल. बऱ्याच इंटरफेसला एका वेळी एकच सॅम्पल रेट चालतो. गेम साधारण ४८ हजारवर, आणि तुमचा प्रोजेक्ट ४४.१ वर असेल तर एक उघडलं की दुसऱ्याचा आवाज गायब किंवा विचित्र होतो. विंडोजमध्ये आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे ४८ हजार ठेवून टाका, विषय संपला. दुसरं, माइक इनपुट एकला लावला की काही ठिकाणी तुमचा आवाज फक्त डाव्या कानात जातो, कारण विंडोज दोन इनपुटना डावं-उजवं समजतं. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या माइकला मोनोची टिक करा. आणि खरोखरचे ५.१ चे स्पीकर सेट घरी असतील, सहा तारांवाले, तर हे छोटे इंटरफेस कामाचे नाहीत, त्यांना दोनच आउटपुट असतात. तिथे मदरबोर्डचेच मागचे जॅक वापरा किंवा साउंड ब्लास्टरचं स्लॉटवालं कार्ड घ्या, त्याचा तिथे अजून खरा उपयोग आहे.

आता आपल्याकडचा खास विषय, हम्म्म असा येणारा बारीक आवाज. भारतात करंट ५० हर्ट्झचा, त्यामुळे गुणगुण ५० आणि १०० वर ऐकू येते, नेमकी डग्ग्याच्याच पट्ट्यात, म्हणून तबलेवाल्याला ती जास्त खुपते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच जुन्या सोसायट्यांतही अर्थिंग नावालाच असतं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, हम गेला तर घोळ करंटच्या बाजूला आहे. पीसी, स्पीकर, मॉनिटर सगळं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, त्याने बरंच कमी होतं. काही लोक अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला देतात, अजिबात करू नका, माइक ओठाला लागलेला असताना शॉक बसू शकतो, वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करणार असाल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो, साध्या स्क्वेअर वेव्हवर पंखा जसा घुरघुरतो तसंच रेकॉर्डिंग पण घुरघुरतं.

आणि सगळं बरोबर असूनही मधूनच टक्-टक् येत असेल तर लगेच इंटरफेस बदलायला धावू नका. लेटन्सीमॉन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा, कुठला ड्रायव्हर पीसीला अडवून धरतोय ते ते दाखवतं, बऱ्याचदा वायफायचा किंवा ग्राफिक कार्डाचा निघतो. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद. इंटरफेसची यूएसबी थेट मागच्या पोर्टला, हबला नाही.

नाशिकमध्ये एमजी रोड, कॅनडा कॉर्नरकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गेमिंगचे हेडसेट भरपूर दिसतात, इंटरफेस मात्र वाद्यांच्या दुकानात विचारावा लागतो, नाहीतर ऑनलाइन मागवा. दुकानात घेत असाल तर स्वतःचे हेडफोन घेऊन जा आणि समोर लावून, गेन पूर्ण वर करून, काही न वाजवता ऐका, किती सूं येते ते तिथेच कळतं.

भावाने यूएमसी २०२ घेतला, सध्या एकच डायनॅमिक माइक, दुसरा दिवाळीनंतर. रेकॉर्ड करताना बफर १२८, गाणं मिक्स करताना ५१२, आणि गेमच्या वेळेला काहीच बदलायचं नाही, एवढं त्याला मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवून दिलंय.